स्टेशनवर स्टेशन चढतंय? आधी एरियल दुमडा

रेडिओवर दोन स्टेशनं एकात एक मिसळून यायला लागली की माणसाचा हात आपोआप एरियलकडे जातो आणि दांडी शेवटच्या पेरापर्यंत ओढली जाते. उलटं करा. दांडी पूर्ण दुमडा, सेट खिडकीपासून आत घ्या आणि ऐका. सोलापूरच्या नवी पेठेतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या अशा बऱ्याच तक्रारी तिथंच, काउंटरवर मिटतात. त्याचे मी पैसे घेत नाही, कारण सेट उघडलेलाच नसतो.

माझ्याकडे येणाऱ्यांत विडी घरकुलातल्या मावश्या असतात. त्यांच्या सुपाशेजारी दिवसभर सेट चालू असतो. अशोक चौकाकडचे कारखान्यातले मामा असतात, ज्यांना मागांच्या खडखडाटातही गाणं हवं असतं. गाडीतला सेट दाखवायला जुळे सोलापूरची मंडळी येतात. तक्रार एकच, "ताई, मराठी लावलं की मधीच कन्नड बोलायलंय बघा." दोष कुणाचा, हेही सगळ्यांचं ठरलेलं असतं, स्टेशनवाल्यांचा! शहरात तरी बहुतेक वेळा घोळ सेटच्या पोटात होतो आणि तो सिग्नल कमी पडल्यामुळे नव्हे, फाजील आल्यामुळे होतो. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडचं दुखणं वेगळं, तिथं खरोखरच दुसरं स्टेशन येऊन बसतं. दोन्हींवरचे इलाज एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून आधी आपलं दुखणं कुठलं ते ओळखायचं.

थोडा हिशेब

एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झचा. स्टेशन आपल्या आकड्याच्या (म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या) दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ झुलतं, आणि सगळं धरून साधारण २०० किलोहर्ट्झची जागा खातं. काट्यावर मोजायचं तर ०.२. एकाच शहरातल्या स्टेशनांमध्ये ८०० किलोहर्ट्झ, म्हणजे ०.८ अंतर ठेवण्याची आपल्याकडची पद्धत आहे. त्यामुळे सोलापुरातली दोन स्टेशनं धड सेटवर एकमेकांवर चढायचं कारण नाही.

मधल्या मोकळ्या जागांत शेजारच्या गावांची स्टेशनं बसवलेली असतात, आणि आपल्याला शेजार भरपूर. उत्तरेला धाराशिव, दक्षिणेला विजापूर, पूर्वेला जरा आग्नेयेकडे गुलबर्गा. विजापूर आणि गुलबर्गा सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास. पठार सपाट, वाटेत आडवा येईल असा डोंगर नाही. सिग्नल कुठवर नीट पोचतो याचा कच्चा हिशेब असा: मनोऱ्याच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, आपल्या एरियलच्या उंचीचं वर्गमूळ त्यात मिळवा, बेरजेला ४.१२ नं गुणा. शंभर मीटरचा मनोरा आणि दहा मीटरवरची गच्ची असेल तर उत्तर ५४ किलोमीटर येतं. त्यापुढे सिग्नल संपत नाही, पण झपाट्यानं उतरतो. सोलापूरपासून तेवढ्याच टप्प्यावर बसलेल्या गावांमध्ये भांडण का होतं, हे आता लक्षात येईल.

एफएमचा एक स्वभावही माहीत असावा. एकाच आकड्यावर दोन सिग्नल आले तर जो थोडा जोरकस असतो, तो दुसऱ्याला पार दाबून टाकतो. चांगल्या सेटला त्यासाठी दोन-तीन डीबीचा (डेसिबल, सिग्नलचा जोर मोजायचं माप) फरकही पुरतो. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनं एकाखाली एक तासभर ऐकू यायची, तसं इथं सहसा होत नाही. इथं पलटी होते: आता मराठी, क्षणात कन्नड, परत मराठी. म्हणून भर शहरात दोन कार्यक्रम शांतपणे एकत्र वाजत असतील तर माझा पहिला संशय सेटवर जातो.

दुखणं ओळखायची परीक्षा

कागद घ्या. कुठल्या आकड्यावर त्रास आहे, काय ऐकू येतं, किती वाजलेत, सेट घरात कुठं आहे हे लिहा. गिऱ्हाईक "सगळीकडेच येतंय" म्हणतं, पण सगळीकडे म्हणजे नेमकं कुठं, हे विचारल्यावर निम्मं निदान होतं.

मग दांडी एकेक पेर दुमडत जा आणि घुसलेल्या स्टेशनकडे कान ठेवा. ते खरंखुरं बाहेरून आलेलं असेल तर हळूहळू खरखरत उतरेल, आणि तुमचं हवं असलेलं स्टेशनही त्याच्याबरोबर थोडं उतरेल. पण दोन जोरदार स्टेशनं सेटच्या आत एकमेकांत मिसळून तयार झालेलं ते भूत असेल (आमच्याकडे भूतच म्हणतात), तर एखाद-दुसऱ्या पेराला एकदम नाहीसं होईल आणि बाकीची स्टेशनं जागच्या जागी स्वच्छ राहतील. कारण साधं आहे. एरियलकडून येणारा सिग्नल दहा डीबी उतरवला तर खरं स्टेशन दहाच उतरतं, पण अशा मिश्रणातून झालेलं भूत तीस डीबी खाली जातं. या एका परीक्षेत माझं बरंचसं काम होतं.

दुसरा सेट आणून तिथंच लावून बघा, पण वेगळ्या कंपनीचा. एकाच बनावटीचे दोन सेट एकच खोड करतात. घरात एफएम असलेला मोबाइल असेल तर तोही चालेल. इयरफोनची वायर खोचल्याशिवाय जो एफएम सुरूच होत नाही, तो खरा रेडिओ, कारण ती वायरच त्याची एरियल असते. इंटरनेटवरून वाजणारं ॲप या परीक्षेत धरू नका, त्याचा हवेतल्या लहरींशी संबंध नाही.

तेच ॲप एका वेगळ्या कामाला मात्र फार उपयोगी पडतं. घुसलेलं स्टेशन कुठलं, हे शोधायला. आकाशवाणीच्या 'न्यूज ऑन एअर' ॲपवर देशभरातली केंद्रं थेट ऐकता येतात. रेडिओवर कन्नड गाणं आलं की मोबाइलवर गुलबर्गा लावा, मग विजापूर, आणि जुळवा. इंटरनेटचा आवाज थोडा मागून येतो, तेवढं धरून चला. बातम्यांच्या वेळी हा उद्योग करू नका. एकच बातमीपत्र कित्येक केंद्रं एकाच वेळी देतात, त्यामुळे काहीच ठरत नाही. गाण्यांच्या कार्यक्रमात किंवा केंद्राचं नाव सांगतात त्या क्षणी बसायचं.

भुताचा आकडा काढता येतो

शहरातली जोरदार स्टेशनं कागदावर लिहा. कुठलीही दोन घ्या. एकाची दुप्पट करून दुसरं वजा करा, मग उलट करा. समजा ९२ आणि ९४ वर दोन जोरदार स्टेशनं आहेत. ९२ ची दुप्पट १८४, त्यातून ९४ गेले, राहिले ९०. ९४ ची दुप्पट १८८, त्यातून ९२ गेले, राहिले ९६. म्हणजे ९० आणि ९६ वर दोन्हींची खिचडी ऐकू येऊ शकते. तुमच्या त्रासाचा आकडा अशा एखाद्या उत्तराशी जुळला आणि दांडी दुमडल्यावर तो आवाज गेला, तर स्टेशनला पत्र लिहायची गरज नाही.

दुसरी बेरीज-वजाबाकी १०.७ ची. जुन्या पद्धतीचे सेट आलेला प्रत्येक सिग्नल आधी १०.७ मेगाहर्ट्झवर उतरवतात आणि मग त्यातून आवाज काढतात. शहरातल्या दोन जोरदार स्टेशनांमधला फरक नेमका १०.७ निघाला, उदाहरणार्थ ९२.७ आणि १०३.४, तर त्या दोघांचं मिश्रण थेट सेटच्या पोटात उतरतं आणि काटा कुठंही फिरवला तरी मागे तेच वाजत राहतं. "सगळीकडेच येतंय" हे गिऱ्हाइकाचं म्हणणं अशा वेळी खरं असतं. अशा सेटला दांडी दुमडणं हा अर्धा इलाज झाला, पुढं सांगते ती वायरची युक्ती हा पुरा.

याच १०.७ ची एक गंमत चाळीत दिसते. सेट स्वतःच्या आत, लावलेल्या आकड्यापेक्षा १०.७ जास्त अशी एक लहर तयार करत असतो आणि ती थोडीफार बाहेर झिरपते. शेजारच्या खोलीत कुणी जुन्या सेटवर ९२.७ लावलं तर त्याची झिरपलेली लहर १०३.४ वर येते. भिंतीला लागून तुमचा सेट १०३.४ वर असेल तर तो अचानक गप्प होतो किंवा घुसमटल्यासारखा वाजतो. आवाज नाही, गाणं नाही, नुसती शांतता. शेजाऱ्यांनी स्टेशन बदललं की तुमचं परत सुरू. दोन घरांत यावरून कुरबूर व्हायच्या आत एक सेट दुसऱ्या भिंतीला हलवा. चार-पाच मीटरचं अंतरही बहुधा पुरतं.

आणि विमानं. स्वस्तातल्या सेटवर लावलेल्या आकड्याच्या २१.४ मेगाहर्ट्झ वरचंही थोडं ऐकू येतं. एफएमच्या लगेच वर १०८ ते १३७ मध्ये विमानांचा पट्टा आहे. ९८ लावलं तर ११९.४ वरचं बोलणं फाटक्या इंग्रजीत अधूनमधून कानी पडू शकतं. होटगी रोडवरच्या विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. त्या भागात हल्ली असं तुटक काही ऐकू आलं तर स्टेशनवर कुणी चढलेलं नाही, सेटची गाळणी, म्हणजे नको त्या लहरी अडवणारा भाग, कच्ची आहे. सेट बदलला की गेलं.

शहरातला इलाज

दांडी दुमडून भागलं तर तेवढंच करा. सेटला मागं 'लोकल' (जवळची स्टेशनं) आणि 'डीएक्स' (लांबची) असं बटण असेल तर लोकलवर टाका. हे बटण बहुतेकांनी आयुष्यात हलवलेलं नसतं. गच्चीवरून वायर आणून म्युझिक सिस्टिमला जोडली असेल, तर केबलवाल्याकडून अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा जोड, घ्या. बोटाच्या पेराएवढा असतो, दोन्ही बाजूंनी केबल फिरवून बसते, सहा, दहा, वीस डीबीचा मिळतो. दहाचा लावून सुरुवात करा. पैसे देऊन सिग्नल कमी करायचा हे लोकांना पटत नाही, "ताई, उलटं सांगायलाव का?" असं विचारतात. लावल्यावर विचारत नाहीत. गच्चीच्या वायरला कुणी बूस्टर लावून दिला असेल तर आधी तो काढा. शहरात एफएमसाठी बूस्टर लावणं म्हणजे दुखणं विकत घेणं आहे.

आता वायरची युक्ती. एकच दांडगं स्टेशन बाकी सगळ्यांना त्रास देत असेल तर ते एकटं खाली दाबता येतं. टीव्हीच्या केबलचा एक तुकडा घ्या, फोम भरलेली आरजी-६ जात. ६२ ला त्या स्टेशनच्या आकड्यानं भागा. येतं ते मीटर. ९२.७ साठी साधारण ६७ सेंटिमीटर. सुरुवातीला ७५ कापा. एका टोकाला कनेक्टर लावून सेटच्या एरियलच्या खोबणीशी टी-जोड घालून जोडा. दुसरं टोक मोकळं सोडा, आतली तार जाळीला चिकटू देऊ नका. मग ते दांडगं स्टेशन लावून ऐकत ऐकत मोकळं टोक अर्धा-अर्धा सेंटिमीटर कापत जा. एका ठिकाणी स्टेशन चांगलंच दबतं. तिथं थांबा, कारण कापलेली केबल परत लांब होत नाही. ही युक्ती आजूबाजूचे दोन-चार मेगाहर्ट्झही खाली ओढते, म्हणून ०.८ वरच्या शेजाऱ्याला वेगळं करायला ती निरुपयोगी आहे. १०.७ च्या जोडीतलं एक मारायला मात्र उत्तम, आणि एक मेलं की मिश्रणही गेलं.

शहरात दिशा बदलून बघायचा सल्ला मी सहसा देत नाही. खासगी एफएम स्टेशनं बहुधा एकाच मनोऱ्यावरून बोलतात. दोघंही एकाच दिशेनं येत असतील तर एरियल फिरवून एकाला कसं टाळणार?

मंगळवेढा आणि अक्कलकोट

तालुक्यात मात्र दिशा हेच औषध. त्यासाठी दांडी पुरत नाही, डायपोल, म्हणजे दोन तारांची एरियल, बांधावा लागतो आणि तो घरी होतो. १४३ ला हव्या असलेल्या आकड्यानं भागलं की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ९८ साठी १.४६ मीटर, म्हणजे प्रत्येकी ७३ सेंटिमीटरच्या दोन तारा. पूर्ण पट्ट्यासाठी हेच माप घ्या, फार फरक पडत नाही. लाकडी पट्टीवर किंवा पीव्हीसीच्या नळीवर दोन्ही तारा एका रेषेत, आडव्या बांधा, मधे दोन बोटं फट ठेवा. केबलची आतली तार एका तुकड्याला, जाळी दुसऱ्याला सोल्डर करा. जोडावर टेप गुंडाळून वर एम-सील लावा, नाहीतर पहिल्या पावसात केबल पाणी पिते. खाली सेटला बाहेरची खोबण नसेल तर आतली तार दुमडलेल्या दांडीला चिमट्यानं आणि जाळी बॅटरीच्या उणे टोकाला.

असा आडवा डायपोल आपल्या रुंद बाजूंकडून चांगलं ऐकतो आणि टोकांच्या दिशेनं जवळजवळ बहिरा असतो. म्हणून नको असलेल्या स्टेशनकडे टोक करायचं. लोक हवं असलेल्याकडे टोक करतात, तिथंच चुकतं.

मंगळवेढ्याला निसर्गानं मदत केली आहे. तिथून सोलापूर पूर्वेला, किंचित उत्तरेकडे. विजापूर दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे. दोन्ही दिशांत जवळपास काटकोन आहे. डायपोलचं एक टोक विजापूरकडे केलं की रुंद बाजू आपोआप सोलापूरकडे येते. मोबाइलमधल्या होकायंत्रावर उत्तरेपासून उजवीकडे १६० अंश धरा, तार त्या रेषेत ठेवा, मग गाणं ऐकत पाच-दहा अंश इकडेतिकडे फिरवून उत्तम जागा शोधा. टोकाची बहिरी दिशा अरुंद असते, त्यामुळे घाई करू नका. गच्चीवर एकानं फिरवायचं आणि खाली एकानं ओरडून सांगायचं, ही रीत अजून चालते.

अक्कलकोटला हे जमत नाही. नकाशा उघडून बघा: अक्कलकोटहून सोलापूर वायव्येला आणि गुलबर्गा बरोबर पाठीमागे, आग्नेयेकडे. जवळपास एकाच रेषेत समोरासमोर. साध्या डायपोलला पुढचं आणि मागचं सारखंच, म्हणून गुलबर्ग्याला बहिरा केला की तो सोलापूरलाही बहिरा होतो. इथं डायपोलच्या मागं एक परावर्तक लावायचा. ॲल्युमिनियमची सलग नळी, डायपोलपेक्षा पाच टक्के लांब, म्हणजे १.५३ मीटर, डायपोलला समांतर, ६० सेंटिमीटर अंतरावर, गुलबर्ग्याच्या बाजूला. तिला केबल जोडायची नाही, नुसती बांधायची. रुंद बाजू सोलापूरकडे. मागून येणारं यानं आठ-दहा डीबी उतरतं. आकडा छोटा वाटेल, पण वर सांगितलेला एफएमचा स्वभाव आठवा: जोरकसाला थोडाच फरक लागतो. सोलापूर तेवढं वर आलं की गुलबर्गा नुसतं मंद होत नाही, गायबच होतं.

गच्चीवर चढणं शक्य नसेल तर घराचाच आडोसा करा. सेट सोलापूरकडच्या खिडकीत ठेवा, म्हणजे मागच्या भिंती आणि शेजारचं सिमेंटचं घर गुलबर्ग्याला आडवं येतं. भाड्याच्या घरात मी हेच सांगते. सेट बोटभर सरकवला तरी कधी फरक दिसतो, आणि अर्धा-एक मीटर सरकवल्यावर हमखास, कारण या लहरीची लांबी तीन मीटर असते आणि भिंतींवरून परतणाऱ्या लहरी जागोजागी वेगळ्या जुळतात.

०.२ वरचा शेजारी

घुसखोर त्याच आकड्यावर नसून ०.१ किंवा ०.२ बाजूला असेल तर आवाजात चरचर येते, 'स' आणि 'श' फाटतात, गाण्याच्या वरच्या सुरांना काटे येतात. आधी स्टिरिओ बंद करून मोनो करा. स्टिरिओचा जास्तीचा भाग ३८ किलोहर्ट्झच्या आसपास लादलेला असतो आणि शेजाऱ्याची चरचर नेमकी तिथं पहिल्यांदा घुसते. मोनोवर ती पुष्कळ जाते. एका स्पीकरच्या सेटवर स्टिरिओचा तसाही काय उपयोग?

काटा फिरवायचा सेट असेल तर शेजाऱ्याच्या उलट बाजूला केसभर सरकवा. बटणांचा सेट ०.०५ च्या पावलांनी चालत असेल तर तिथंही हे जमतं.

तरीही नाही भागलं आणि सेट चांगला, जपण्यासारखा असेल, तर आतला सिरॅमिक फिल्टर बदलता येतो. तीन पायांचा छोटा चौकोनी तुकडा, १०.७ चा. बऱ्याच सेटमध्ये कंपनीकडून २८० किंवा २३० किलोहर्ट्झ रुंदीचा बसवलेला असतो. १८० किंवा १५० चा घातला की शेजारी बाहेर राहतो. स्टिरिओचा आवाज किंचित सपाट होतो, तो मान्य करायचा. फिल्टरवर रंगाचा ठिपका असतो, तो मधल्या आकड्याची बारीक जात सांगतो: लाल म्हणजे १०.७०, निळा १०.६७, नारिंगी १०.७३. दोन फिल्टर असतील तर दोन्ही एकाच रंगाचे घाला. वेगळ्या रंगांचे घातले तर एक डावीकडे ऐकतो, दुसरा उजवीकडे, आणि आवाज आधीपेक्षा वाईट होतो. सोल्डरिंगची सवय नसेल तर हे काम मेकॅनिककडे द्या. हल्लीच्या एका चिपच्या डिजिटल सेटमध्ये हा तुकडाच नसतो, गाळणी चिपमध्येच असते, आणि माझ्या मते शेजाऱ्याला वेगळं करायला स्वस्तातला डिजिटल सेटही जुन्या महागड्या सेटला भारी पडतो. मला जुने सेट आवडतात, तरी हे खरं आहे.

स्टेशनच नसतं तेव्हा

सेट सेलवर लावा आणि घराचा मेन स्विच पाडा. खरखर गेली तर गुन्हेगार घरातच आहे: बहुधा हलक्या कंपनीचा एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर किंवा इन्व्हर्टर. एकेक चालू करून पकडा.

सात रस्त्याच्या सिग्नलला थांबल्यावर गाडीतल्या रेडिओवर अचानक भलतंच गाणं लागतं आणि सिग्नल सुटला की जातं, ते शेजारच्या गाडीतल्या लायटरच्या खोबणीत लावलेल्या ब्लूटूथ ट्रान्समीटरचं काम. तुमच्याकडेही तो असेल तर त्याचा आकडा असा निवडा, की दोन्ही बाजूंना ०.४ पर्यंत काही ऐकू येत नाही. गावाबाहेर पडल्यावर परत तपासा, सोलापुरात मोकळा असलेला आकडा तुळजापूरच्या घाटात मोकळा असेलच असं नाही.

हिवाळ्यात पहाटे पुणे किंवा हैदराबादकडचं एखादं स्टेशन खणखणीत आलं आणि ऊन चढल्यावर गेलं, तर काही करू नका. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार थर बसतो, लहरी त्याखाली वाकून दूरवर जातात. सामुदायिक रेडिओचं आणखी वेगळं. ९०.४ आणि ९०.८ हे आकडे देशात कितीतरी सामुदायिक केंद्रांना दिलेले आहेत, आणि त्यांची प्रसारणशक्ती बहुधा १०० वॅटपर्यंतच असते. त्यांचं गाव सोडलं की दुसरं कुणी वर येणारच.

तक्रार करायची वेळ

वेगवेगळ्या बनावटीच्या दोन सेटवर, दोन वेगळ्या मोहल्ल्यांत, दांडी दुमडूनही, दिवसाउजेडी तोच त्रास कायम असेल, तर दोष प्रसारणाकडे असू शकतो. ट्रान्समीटर भलत्या आकड्यावर फेकत असेल किंवा एकाच मनोऱ्यावरच्या दोघांची मिसळण तिथंच होत असेल. आधी ज्या स्टेशनचं ऐकणं बिघडलंय त्याच्या अभियांत्रिकी विभागाला कळवा. त्यांना स्वतःचं प्रसारण स्वच्छ हवं असतं, त्यामुळे ते मनावर घेतात. आकड्यांचं वाटप दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा करते, आणि हवेतल्या लहरींवर लक्ष ठेवायचं काम वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचं. तिकडे जायचं तर सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवरून तक्रार नोंदवता येते. विना परवाना कुणी स्वतःचा ट्रान्समीटर चालवत असल्याचा संशय असेल तर त्याच्या दारात जाऊन भांडू नका, तेही याच मार्गानं कळवा.

पत्रात "रेडिओ नीट येत नाही" असं लिहिलंत तर त्यावर कुणी काही करू शकत नाही. हवं असलेल्या स्टेशनचा आकडा, घुसलेल्याचा आकडा किंवा ऐकू आलेलं नाव, तारीख, वेळ कधीपासून कधीपर्यंत, ठिकाण चौकाच्या नावासह, सेट कोणते, एरियल दुमडून काय झालं, एवढं लिहा. मोबाइलवर तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग करा आणि सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, जागा बोला. शेजारच्या दोघांनी आपापल्या सेटवर ऐकून हीच नोंद वेगळी पाठवली तर आणखी चांगलं, पण एकच मजकूर तिघांनी उतरवून काढू नका. प्रत्येकानं आपला सेट, आपली वेळ, आपली गल्ली लिहायची.